उपाशी मातीची झाडं

जूनमधला पहिला पाऊस मी वाहून जाऊ देतो. पत्र्यावर आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची घाण, वाळकी पानं साचलेली असतात, ती धुऊन गेली पाहिजेत. तिसऱ्या-चौथ्या सरीपासून पन्हळीखाली निळी पिंपं लावतो. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. 100 चौरस फुटांच्या पत्र्यावरून हिशेबाने 9000 लिटरांहून जास्त पाणी खाली येतं. मला त्यातलं 600 लिटर पुरतं. झाकण लावून, झाकणावर कापड बांधून ती तीन पिंपं मी पुढच्या मेपर्यंत जपतो. घरात कुणी त्या पाण्याला हात लावत नाही. ते गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यातल्या पंचवीस-तीस कुंड्यांसाठी राखलेलं असतं. त्या कुंड्यांत किडे खाणारी झाडं आहेत.

घटपर्णीचं चित्र आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं असतं. पानाच्या टोकाला लोंबणारा घट, त्यावर झाकण, आत पडलेली माशी. परीक्षेत दोन गुणांना 'कीटकभक्षी वनस्पतींची उदाहरणे द्या' येतं. घटपर्णी, दवबिंदू, युट्रिक्युलॅरिया अशी तीन नावं लिहून आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. यातल्या दोन वनस्पती कोल्हापूर जिल्ह्याच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट कातळपठारांवर, दर पावसाळ्यात उगवतात, हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. ते कळायला आधी एक झाड मारावं लागलं.

ते झाड व्हीनस फ्लायट्रॅपचं होतं. लहानशी कुंडी, सात-आठ पानं, प्रत्येक पानाच्या टोकाला उघडलेला जबडा. आमच्या घरात झाडाला जीव लावायचा म्हणजे त्याला खायला घालायचं, ही आईची रीत. तिच्या हातची जास्वंद आणि कढीपत्ता बघून गल्लीतल्या बायका काड्या मागून नेतात. तिने आठवडाभर हे नवं झाड पाहिलं. कुंडीत मातीच नाही, नुसतं शेवाळ आणि वाळू, हेही पाहिलं आणि न राहवून मूठभर कुजलेलं शेणखत घातलं, वर तांब्याभर बोअरचं पाणी. दोन आठवड्यांत पानांच्या कडा काळ्या पडल्या, मग बुंध्याशी कुजका वास यायला लागला.

"मीच घातलो रं मूठभर," आई म्हणाली. "उपाशी दिसलं. म्हटलं जीव धरंल."

कोल्हापूरच्या जुन्या बायका स्वतःविषयी बोलताना पुल्लिंगी क्रियापद वापरतात, तशी ती बोलते. तिची चूक नव्हती. हजारो वर्षं शेती केलेल्या माणसाच्या हाताला जे शहाणपण असतं, तेच तिने वापरलं. पण ही झाडं त्या शहाणपणाच्या बाहेरची आहेत. चांगली माती यांना सोसत नाही.

हे नीट समजून घेतलं की बाकी सगळं आपोआप सोपं होतं, म्हणून इथे थोडं थांबतो. किडे खाणारं झाड आपलं अन्न इतर झाडांसारखंच उन्हात, हिरव्या पानांत तयार करतं. किडा हे त्याचं जेवण नाही. तो त्याचं खत आहे. नत्र आणि स्फुरद इतर झाडं मुळांनी मातीतून घेतात. ज्या जमिनीत हे दोन्ही जवळजवळ नसतात तिथे राहणाऱ्या या झाडांनी ते किड्यांच्या शरीरातून घेण्याची वाट काढली. त्यांची मुळं जेमतेम पाणी ओढण्यापुरती उरली. अशा मुळांभोवती खत किंवा क्षाराचं पाणी साठलं की ती जळतात.

मग प्रश्न पडतो, ही युक्ती इतकी चांगली असेल तर सगळीच झाडं किडे का खात नाहीत? अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश यांनी 1984 मध्ये याचं उत्तर जमाखर्चाच्या भाषेत दिलं. सापळा बनवणं महाग पडतं. पानाचा घट केला किंवा त्यावर चिकट केस उगवले, की ते पान ऊन टिपण्याच्या कामात कमी पडतं. हा तोटा भरून येण्यासाठी ऊन भरपूर हवं, पाणी भरपूर हवं आणि फक्त पोषण कमी हवं. या तीन अटी एकत्र जिथे जमतात तिथेच किडे खाणं परवडतं. सावलीच्या रानात परवडत नाही, कोरड्या माळावर परवडत नाही, काळ्या कसदार शेतात तर मुळीच नाही.

आता पावसाळ्यातल्या सड्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर बोटभर माती, एकही झाड नाही म्हणून आभाळ उघडलं की लख्ख ऊन. पाणी मुरायला जागा नाही म्हणून ते पातळ थराने वाहत राहतं, आणि वाहताना मातीतलं जे काही विरघळणारं असेल ते धुऊन नेतं. गिव्हनिश यांच्या तिन्ही अटी आपल्या दाराशी, पन्हाळ्याच्या पलीकडे, जुलै ते ऑक्टोबर पूर्ण होतात.

तिथलं मसाई पठार हा असाच एक सडा, पण कोल्हापूरकरांना तो वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. जुलै 1660 मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निघाले, ती वाट या पठारावरून जाते. दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला तरुण मुलं-मुली घोषणा देत, चिखल तुडवत इथून चालतात. मीही कॉलेजात असताना चाललो आहे. धुक्यात पुढच्याची पाठ सोडून काही दिसत नव्हतं, आणि पायाखाली काय आहे हे बघायचं सुचलंही नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी सप्टेंबरात, उघडिपीच्या दिवशी, भिंग घेऊन तिथे गेलो आणि ओल्या गवतात पालथा पडलो.

सड्यावरचे दवबिंदू उभं राहून दिसत नाहीत. एक प्रकार अगदी जमिनीला चिकटून, रुपयाएवढा, तांबूस पानांचं चक्र करून बसतो. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा बर्मानी. दुसरा, ड्रॉसेरा इंडिका, गवताच्या पात्यासारखा बारीक आणि वीतभर उंचीचा, म्हणून त्याला गवती दवबिंदू म्हणतात. दोघांच्याही पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब असतो. सकाळचं दव उन्हाने उडून जातं, हा थेंब दुपारीही तसाच राहतो, कारण तो डिंकासारखा चिकट द्रव असतो. चिलट त्यावर बसलं की अडकतं, सुटायला धडपडतं, आणि त्या धडपडीनेच आजूबाजूचे केस त्याच्याकडे झुकायला लागतात. बर्मानीचे कडेचे केस काही सेकंदांत वळतात, डोळ्यांनी दिसतील असे.

पावसाच्या थेंबाने ते केस हलत नाहीत. हे मला सगळ्यात मोठं नवल वाटतं. चार्ल्स डार्विन यांनी 1860 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या माळावर दवबिंदूचा तिथला प्रकार पाहिला आणि पुढची पंधरा वर्षं मधूनमधून त्यावर प्रयोग केले. मांसाचे कण, अंड्याचा पांढरा बलक, साखर, पिठूळ पदार्थ, केसाचे तुकडे असं काय काय त्यांनी पानांवर ठेवून पाहिलं. नत्र असलेल्या पदार्थाला पान दाद देई, साखरेला नाही. केसाच्या अतिसूक्ष्म तुकड्याने हलणारं पान पाण्याच्या थेंबाने मात्र हलत नसे. 1875 मध्ये त्यांचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक आलं, त्याचा मोठा भाग या एकाच झाडावर आहे. तीन वर्षांनी त्यांचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने दाखवून दिलं की, मांस मिळालेल्या आणि न मिळालेल्या झाडांत सर्वांत मोठा फरक बियांत पडतो. पोट भरलेलं झाड कितीतरी जास्त बी धरतं.

दवबिंदूच्या आसपासच निळ्या-जांभळ्या फुलांचे ताटवे असतात. त्यांना आपल्याकडे सीतेची आसवं म्हणतात. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर सप्टेंबरात लोक गाड्या भरभरून जातात ते जे रंग बघायला, त्यांत ही फुलं आहेत. फुलांचे फोटो निघतात. शिकार मात्र जमिनीखाली चाललेली असते. हीच पाठ्यपुस्तकातली युट्रिक्युलॅरिया. या वनस्पतीला खरी मुळं नसतातच. ओल्या मातीत पसरलेल्या बारीक धाग्यांना राईच्या दाण्याहूनही लहान पिशव्या लागलेल्या असतात. पिशवी आतलं पाणी सतत बाहेर टाकत राहते, त्यामुळे तिच्या भिंती आत खेचल्या जातात, दाबून धरलेल्या ड्रॉपरच्या रबरासारख्या. दाराशी असलेल्या केसाला पाण्यातल्या एखाद्या सूक्ष्म जिवाचा धक्का लागला की दार आत उघडतं, भिंती फुगतात, पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो आणि दार मिटतं. पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर वेगवान कॅमेऱ्यांनी मोजमाप झालं आहे. हे ओढून घेणं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत उरकतं. वनस्पतिसृष्टीत इतकी जलद हालचाल क्वचितच दिसते.

या छोट्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांत कोल्हापूरचं नाव आहे. भारतातल्या युट्रिक्युलॅरियांवरचं मोठं पुस्तक एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांनी लिहिलं, ते 1992 मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने काढलं. जनार्थनम पुढे गोवा विद्यापीठात प्राध्यापक होते. 2000 साली शिवाजी विद्यापीठाचे डॉ. एस. आर. यादव आणि त्यांचे सहकारी एम. एम. सरदेसाई व एस. पी. गायकवाड यांनी पश्चिम घाटातून एक नवी जात नोंदवली आणि तिला जनार्थनम यांचं नाव दिलं: युट्रिक्युलॅरिया जनार्थनमी. 2005 मध्ये याच तिघांनी आणखी एक जात नोंदवली आणि मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिणाऱ्या डॉ. व्ही. एन. नाईक यांच्या नावाने तिचं नाव नायकी ठेवलं. विज्ञानाला ठाऊक नसलेली झाडं आपल्याच घाटात, आपल्याच काळात सापडली. आपल्या पठारांची किंमत यावरून कळावी.

पण पठारावरचा एकही दवबिंदू माझ्या गच्चीवर नाही. सुरुवातीला मोह झाला होता, हे कबूल करतो. खुरप्याने चकती काढावी, डब्यात घालावी, घरी न्यावी. काढणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा मेलेलं झाडच लागतं, कारण त्याच्याखालची वाहती ओल डब्यात आणता येत नाही. आणि हे एका पावसाळ्याचं झाड आहे. फुलोऱ्याआधी उपटलं की त्याचं पुढच्या वर्षीचं बीही आपण उपटलेलं असतं.

घरी वाढवायला रोपवाटिकेत वाढलेली झाडं मिळतात, तीच घ्यावीत. कोल्हापुरात सगळ्यात सुखाने राहते ती घटपर्णी. रोपवाटिकांत तिच्या संकरित जाती मिळतात. मूळ भारतीय घटपर्णी एकच, नेपेंथिस खासियाना, ती फक्त मेघालयात होते. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारात ती पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचंही तिला संरक्षण आहे. जंगलातून काढलेली खासियाना कुणी देऊ केली तर घेऊ नये.

संकरित घटपर्णी मी पूर्वेच्या छपराखाली टांगल्या आहेत. नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडं शेवाळ आणि पर्लाइट, एवढंच त्यांचं घर. सकाळचं ऊन, दुपारी झावळ सावली. जूनपासून त्यांना भरतं येतं. घटाच्या तोंडाची कड ओली असली की तिच्यावर पाण्याचा पातळ थर धरतो आणि मुंगीचा पाय त्यावर टिकत नाही, हे 2004 मध्ये संशोधकांनी दाखवलं. कोरड्या कडेवरून तीच मुंगी बिनधास्त फिरते. आमच्याकडे आषाढ-श्रावणात हे अगदी तसंच दिसतं: पावसाची झिमझिम असली की घट भरतात. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी नवे घट धरायचे थांबतात, पानाच्या टोकाला नुसती शेंडी राहते. घाबरायचं कारण नसतं. वळवाचा पहिला पाऊस झाला की शेंड्या पुन्हा फुगायला लागतात.

फ्लायट्रॅप मात्र कोल्हापुरात कष्टाची आहे. ती मुळात अमेरिकेच्या कॅरोलिना किनाऱ्यावरच्या एका लहानशा पट्ट्यातली. तिच्या जबड्याच्या प्रत्येक पाकळीवर सहसा तीन केस असतात. एका केसाला एकदा स्पर्श झाला तर ती गप्प राहते. वीसेक सेकंदांत दुसरा स्पर्श झाला तरच मिटते. वाऱ्याने उडून आलेल्या काडीवर शक्ती वाया जाऊ नये, ही त्यामागची सोय. मिटल्यावरही आतला जीव वळवळत राहिला तरच पाचक रस सुटतो. पाहुण्यांची मुलं आली की बोट घालून जबडा मिटवून बघतात. माझी त्यांना विनंती असते की एकदाच बघा. एक जबडा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतो आणि रिकामा मिटला की झाडाचं नुकसान होतं.

तिची खरी अडचण थंडी. तिला तीन महिने झोप लागते, आणि त्या झोपेला 10 अंशांच्या खालचा गारवा हवा. कोल्हापूरच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री गार असल्या तरी तेवढ्या नसतात आणि दुपार तर उबदारच. झोप न मिळालेली फ्लायट्रॅप दोन-तीन वर्षांत खंगत जाते. म्हणून डिसेंबरात मी गड्डे सोडवतो, काळी पानं छाटतो, ओल्या शेवाळात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतो. दर दहा दिवसांनी बुरशी लागली का ते बघायचं. फेब्रुवारीअखेर बाहेर. मेथी-कोथिंबिरीशेजारी तिला तीन महिने जागा देणाऱ्या घरातल्या माणसांचे मी मनापासून आभार मानतो.

बाकी नियम थोडे आहेत. पाणी पावसाचं, नाहीतर आरओचं शुद्ध केलेलं. मीटरवर क्षार 50 पीपीएमच्या आत हवेत. बॅटरीत घालायला म्हणून मिळणारं पाणी आम्लविरहित असल्याची खात्री नसेल तर लांबच ठेवावं. फ्लायट्रॅप आणि दवबिंदूंच्या कुंड्या बोटभर पाण्याच्या ताटलीत उभ्या करायच्या, घटपर्णीच्या नाही. कोकोपीट वापरायचं तर पावसाच्या पाण्यात चार-पाच वेळा भिजवून पिळायचं, त्यात मीठ असतं. मटणाचा तुकडा, भाताचं शीत, दूध यांतलं काही घालायचं नाही. चरबीने सापळा सडतो. गच्चीवर त्यांचं ती मिळवतात. आणि घरातले डास ही झाडं कमी करतील ही आशा सोडून द्यावी. फ्लायट्रॅपच्या रानातल्या शिकारीत मुंग्या आणि कोळीच जास्त असतात. डेंगीच्या दिवसांत साचलेलं पाणी ओतणं आणि पिंपांची तोंडं बांधणं हाच उपाय.

बियांच्या पाकिटांपासूनही सावध राहा. निळ्या, जांभळ्या फ्लायट्रॅपची चित्रं छापलेलं पाकीट मी एकदा मागवलं होतं. त्यातून दीड महिन्याने शेतातलं साधं तण उगवलं. फ्लायट्रॅपचं खरं बी काळं, चकचकीत, मोहरीहून लहान असतं, आणि निळी फ्लायट्रॅप जगात नाही.

या छंदाने मला झाडांपेक्षा जमिनीकडे बघायला जास्त शिकवलं. कसदार जमिनीचं कौतुक आपल्या भाषेत ठायी ठायी आहे. उपाशी जमिनीसाठी आपल्याकडे 'पडीक', 'नापीक', 'निकामी' एवढेच शब्द आहेत. सरकारी कागदातही ती बहुतेकदा पडच असते. जांभ्याच्या थरात बॉक्साइट असतं, आणि शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या तालुक्यांत त्यासाठी सडे खोदले गेले. खाण संपल्यावर खड्डा भरून वर चांगली माती पसरली, झाडं लावली, तरी सडा परत येत नाही. चांगली माती हेच तिथलं नुकसान असतं, आईच्या मूठभर शेणखतासारखं. म्हणूनच पठारावर वृक्षारोपणाचे खड्डे काढणाऱ्या उत्साही मंडळांना माझं सांगणं आहे की झाडं गावात लावा, सड्यावर नको. मसाई पठाराला अलीकडे राज्य सरकारने संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. जिल्ह्यातल्या इतर कितीतरी सड्यांना तो मिळायचा आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पठारावरचे दवबिंदू वाळून गेले असतील आणि सीतेची आसवं दिसेनाशी झाली असतील. त्यांचं धुळीएवढं बी जांभ्याच्या भेगांत, गवताच्या बुडाशी पडलेलं असेल. इथून मेअखेरपर्यंत तिथे तपकिरी माळाशिवाय काही दिसणार नाही, आणि याच सात महिन्यांत तिथे गाड्या फिरतात, चुली पेटतात, वणवे लागतात. सुट्टीत तिकडे गेलात तर गाडी रस्त्यावरच ठेवा, चूल पेटवू नका आणि वाळक्या गवताला कुणी काडी लावत असेल तर त्याला थांबवा.